पीएच साडेसहा

किटलीतला चुन्याचा थर काढायला व्हिनेगर उकळलं, की त्या वासाबरोबर मला जर्मनीतल्या, कार्ल्सरूहेच्या जुन्या घरातली खिडकी आणि तिथलं कढीपत्त्याचं रोप आठवतं. सासूबाई शेवटच्या आल्या होत्या, तेव्हा पर्समधून आणलेलं बी त्यांनी स्वतःच्या हाताने कुंडीत टोचलं होतं. त्यांच्या वर्षश्राद्धाला बायको पुण्याला निघाली, तेव्हा रोपाची पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. "फक्त पाणी घाल," तिने एअरपोर्टवर बजावलं, "तुझी इंजिनिअरगिरी नको." आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत 'तर मग', तिला सोडून मी थेट बाउमार्क्ट हे घर-बागेच्या सामानाचं दुकान गाठलं आणि मातीचा पीएच मोजायचं मीटर घेऊन आलो. आकडा आठ! इथल्या जड पाण्यातल्या चुन्याने माती अल्कलाइन झाली होती, म्हणून रोपाला लोह मिळत नव्हतं. निदान अगदी बरोबर होतं, हेच तर दुर्दैव. मी पाण्यात व्हिनेगर मिसळून ओतलं. सकाळी आकडा पुन्हा वर, म्हणून आणखी ओतलं, शिवाय लोहाच्या खताचा दुप्पट डोस. ऑफिसात या प्रयोगाचा आलेखही मिरवला. बायको परतली तेव्हा कुंडीत एक काळी काडी उभी होती. बॅग खाली न ठेवताच तिने विचारलं, "आता पीएच किती आहे?" "साडेसहा," मी म्हणालो, "म्हणजे आदर्श." तेवढा शेवटचा शब्द तरी गिळायचा! अजूनही ती बाहेरगावी गेली, की आमच्या कुंड्यांना पाणी घालायला शेजारीणबाई येतात. मी घरातच असतो. त्यांना दार उघडून देतो.