फुली मारलेली तुळई

अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत मी मोठी झाले. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसलेय. आता तुम्ही मला हसा... पण आधी पूर्ण वाचा.

जागा ऐरोली, खाडीकडची बाजू. एका बिल्डरला क्लबहाउस म्हणून 'अस्सल इंग्लिश घर' हवं होतं. तिकडच्या कुठल्याशा शहरातलं जुनं लाकडी सांगाड्याचं घर सुटं करून त्याने न्हावा शेव्याला उतरवलं. त्यासाठी पैसा होता, उभारणाऱ्या सुतारांच्या सेफ्टी बेल्टसाठी नव्हता! म्हणून आमच्या बांधकाम कामगार संघटनेतर्फे मी साइटवर रोज भांडायला जायचे.

मुख्य सुतार अनंतमामा, साताऱ्याकडचे. घर बघून खुळावलेच. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. वरचा मजला खालच्यापेक्षा दोन हात पुढे आलेला. आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारखी खूण कोरलेली — कशात काय बसवायचं ते कळावं म्हणून.

"गोरा सुतारबी आपल्यावानीच की गं," मामा म्हणाले.

पुढे आलेला मजला पेलणारी एक तुळई त्यांनी ठोकून पाहिली. बद्द आवाज. आतून कुजलेली. त्यांनी पटाशीने तिच्यावर खोल फुली कोरली. "फुलीचं लाकूड घराला लावत न्हाईत, पोरी."

पटाशीच्या धारेला दात पडला होता, त्यामुळे खाचेत केसाएवढी रेघ उभी राहायची.

"मामा, धार लावा की!"

"ऱ्हाऊ दे. सही हाय ती माझी."

सुपरवायझर खवळला. "साहेबाला हेरिटेज लुक पायजे, आणि हा फुल्या मारतोय!" मामा घरी गेल्यावर त्याने फुली मशीनने घासली, वर पुट्टी, पॉलिश... आणि सकाळी तुळई चढवलीसुद्धा. मामा आले, बघितलं, "उतरवा ती!" म्हणत तसेच वर चढले. बेल्ट नव्हताच. तुळई मोडली. मामा गेले.

चौकशीत सुपरवायझर म्हणाला, सुताराने हरकत घेतलीच नव्हती. मी फुलीचं सांगितलं. सगळ्यांसमोर पुट्टी खरवडली — खाली गुळगुळीत. आणि ऊठसूट फोटो काढणाऱ्या मी नेमका तोच काढला नव्हता.

पंधरा दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, मामींसोबत मामांचा डबा आणायला साइटवर गेले. शेडमध्ये ती मोडकी तुळई पडलेली. तिच्यावर फुली. ताजी. खाली लाकडाच्या ढलप्या.

मामींनी खाचेत बोट फिरवलं. "दात लागतोय... ह्यांचाच हाय."

मामांची पटाशी तर तेव्हाच गावी नेलेली होती. ट्रंकेत, कुलपात. किल्ली मामींच्या कमरेला.

सुपरवायझर धावत आला. "तूच कोरलीस! पुराव्याशी खेळतेस?" त्याने माझ्यावर तक्रार केली आहे. येत्या आठवड्यात माझा जबाब आहे.

मी कोरली नाही, हे शपथेवर लिहून देईन. पण पुढचा प्रश्न येणारच — मग कोणी? आजवर शेकडो पत्रकं लिहिली मी. त्या एका ओळीत काय लिहायचं, ते मात्र मला माहीत नाही.