अप्पांची पक्की शिलाई

मल्लिकार्जुनअप्पांनी बाइंडिंग केलेलं पुस्तक फाटेल, पण शिलाई सुटणार नाही, असं लातुरात म्हणत. अप्पा ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसत. माणूस तसा गरीब, पण दाभणानं आरपार भोकं पाडून दोरा ओढायला लागला की दातओठ खायचा.

पुढं क्लासच्या पोरांच्या नोट्स सीडीवर गेल्या, मग मोबाइलमध्ये शिरल्या आणि अप्पांवर माशा मारायची वेळ आली. ई-बुकचं नाव काढलं की त्यांचा पारा चढे.

अशात वाचनालयाच्या मंजुश्रीताई एक जुनं पुस्तक घेऊन आल्या. जात्यावरच्या ओव्यांचं, एका शाळामास्तरांनी उदगीरकडच्या गावांत फिरून जमवलेलं. एवढी एकच प्रत उरलेली.

"अप्पा, याचं ई-बुक करायचंय. पानं स्कॅनरवर सपाट बसली पाहिजेत. शिलाई उसवून द्या."

"मी बांधायचं काम करतो, उसवायचं न्हाई," अप्पा फणकारले.

खरं दुखणं वेगळंच होतं. हे पुस्तक तरुणपणी त्यांनीच बांधलं होतं. त्यांची माय, शरणम्मा, गल्लीभर सांगायची, "मास्तरनं माझी ओवी लिवून नेली. माझं नाव पुस्तकात हाय." बाइंडिंग झाल्यावर अप्पांनी हौसेनं पान न् पान चाळलं. ओवी होती. इतर बायांची नावं होती, मायचं नव्हतं. "तुझं नाव न्हाई माय," असं त्यांनी तोंडावर सांगून टाकलं. त्या दिवसापासून तिनं ओवी म्हणणंच सोडलं.

मंजुश्रीताई काही हटेनात. शेवटी अप्पांनी पुटपुटत दोरा कापला, हलक्या हातानं पानं सुटी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रत्येक ओवीच्या ओळीला लागून, उजव्या टोकाला, म्हणणारीचं नाव छापलेलं होतं. उजव्या पानावरचं नाव बाहेरच्या कडेला येई, म्हणून दिसे. डाव्या पानावरचं आतल्या कडेला, थेट अप्पांच्या पक्क्या शिलाईखाली. मायच्या ओवीपुढं स्वच्छ लिहिलेलं होतं, शरणम्मा.

"माझ्याच हातानं गाडलं की हो," म्हणत अप्पा भर दुकानात ढसाढसा रडले.

मंजुश्रीताईंनी पानांचे नुसते फोटो ठेवले नाहीत, सगळा मजकूर टाईप करून घेतला. त्यामुळं ते ई-बुक मोबाइल वाचूनही दाखवी. पुस्तकाची पानं अप्पांनी पुन्हा शिवली, या वेळी भरपूर जागा सोडून. मग मोबाइल घेऊन ते मायच्या खाटेशी बसले. मोबाइलमधल्या बाईनं सपाट आवाजात ओवी वाचली आणि शेवटी म्हणाली, "शरणम्मा."

म्हातारी उठून बसली. "मी सांगत नव्हते का?"

"चुकलो माय," अप्पा म्हणाले.

"तू ऱ्हाऊ दे. ह्या बाईला चालच येत न्हाई." तिनं हातानंच मोबाइल बाजूला सारला, घसा खाकरला आणि इतक्या वर्षांनी ओवी धरली.