दोन शब्दांपुरती मेमरी
बर्फाच्या कारखान्यांना लागणाऱ्या कंट्रोलच्या पेट्या आम्ही पनवेलला बनवायचो. आतली चिप एवढीशी, तिची मेमरी त्याहून इवलीशी आणि आम्ही प्रोग्रामर तिघे, तीन तऱ्हांचे. बिघडायचा तोच सेन्सर, पण एकाच्या पेटीवर 'सेन्सर फेल', दुसऱ्याच्या 'प्रोब एरर' आणि माझ्या 'चेक सेन्सर'. गिऱ्हाइकाचा फोन आला की आधी पेटी कोणाची ते ओळखायचं, मग रोग.

कामोठ्याहून येणाऱ्या, आम्हा तिघांच्या वरच्या मॅडमनी हा घोळ संपवला. प्रत्येक बिघाडाला एक नंबर, सगळ्या पेट्यांत तोच. नंबरांचे अर्थ मराठीत छापून पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. "अंथरूण पाहून पाय पसरा," त्या म्हणायच्या. इतकं स्वच्छ काम मी तोवर पाहिलं नव्हतं. मोकळ्या झालेल्या मेमरीत शेठनी लगेच नव्या सोयी कोंबल्या, तो भाग वेगळा.

मग मॅडम उरणकडच्या एका कारखान्यात जाऊन आल्या. तिथे पेटीला कुलूप आणि किल्ली मालकाच्या घरी. भोंगा बारीकसारीक बिघाडालाही वाजायचा, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. आल्या आल्या म्हणाल्या, "अमोनिया गळला तर नंबर नको. 'बाहेर पळा' असं मराठीत दिसायला हवं. गॅस नाकात शिरल्यावर किल्ली शोधायची म्हणजे वरातीमागून घोडं."

अडचण अशी की डिस्प्लेला फक्त इंग्रजी येत होतं. मराठी अक्षर आपणच ठिपक्या-ठिपक्यांनी काढायचं, आणि त्यासाठी मेमरी उरली नव्हती. काढून टाकता येईल अशी एकच गोष्ट होती: पेटी सुरू करताना उमटणारा गणपती आणि त्याखालचा 'श्री'. शेठनी तो हौसेनं करवून घेतला होता. त्याला हात लावायची माझी तरी छाती नव्हती.

"नियम तुमचाच, मोडताही तुम्हीच, आणि वर श्री पुसायचा?" शेठ म्हणाले.

"हो. विघ्नाच्या वेळी आपली जागा माणसांना दिली म्हणून तो रागावणार नाही. माणसं आत अडकली तर मला मात्र झोप लागणार नाही."

पेटीवर बाहेरून गणपतीचा स्टिकर लावायचा, या अटीवर शेठ राजी झाले. मॅडमचा मला तेव्हा फार अभिमान वाटला, शेठचाही थोडा.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कारखान्यातून फोन आला. स्पीकरवर मागे भोंगा ऐकू येत होता आणि फोरमनला धाप लागली होती. मॅडमनी सवयीनं विचारलं, "नंबर काय आलाय?"

"नंबर नाय बाई. बाहेर पला लिवलाय. आमी पलालो. आत कोनी नाय."