शिट्टीनंतरचा एक ठोका

डोंबिवलीत आवाजाविरुद्ध सर्वांत जास्त अर्ज लिहिणारा माणूस आणि सर्वांत जास्त आवाज करणारा माणूस एकच आहे आणि तो आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. निवृत्तीनंतर या गृहस्थांनी कुकरच्या शिट्ट्यांपासून मंगलकार्यालयाच्या लाउडस्पीकरपर्यंत सर्वांविरुद्ध तक्रारी केल्या. असाच एक अर्ज घेऊन ते मैदानावरच्या ढोलपथकाकडे गेले. तिथल्या प्रमुख ताईने 'काका, सराव संपेपर्यंत जरा हा धरता का?' म्हणून एक ढोल त्यांच्या कमरेला बांधला. परत आले ते पथकाच्या झब्ब्याचं माप देऊनच. अर्ज खिशातच राहिला.

त्यानंतर ते घरी उशीवर, उलट्या बादलीवर, एकदा तर सोसायटीच्या सभेत टेबलावर सराव करू लागले. रहिवाशांनी तक्रार केली, तेव्हा सोसायटीचे सचिवही तेच असल्याने, सचिव या नात्याने त्यांनी स्वतःलाच नोटीस बजावली आणि रहिवासी या नात्याने 'बाब विचाराधीन आहे' असं लेखी उत्तरही दिलं. दोन्ही कागदांच्या प्रती फलकावर लावल्या. त्यांच्या वाजवण्यात दोष एकच होता. शिट्टी झाली की साऱ्या पथकाचे ढोल एकदम थांबत आणि मग यांचा एक जादा ठोका पडे. 'काका, थांबायचं म्हणजे थांबायचं!' ताई ओरडे. 'अगं, मी थांबलोच होतो. हात मागे राहिला.' मैदान आमच्या मागेच. माझी बायको स्वयंपाकघरातून कान देऊन असायची आणि तो ठोका पडला की म्हणायची, 'आला बघा!'

पाडव्याची स्वागतयात्रा पहिल्यांदाच आमच्या गल्लीतून जाणार होती. त्यांनी महिनाभर आधी प्रत्येक मजल्यावर जाऊन कोणी कुठल्या गॅलरीत उभं राहायचं ते ठरवून दिलं. ताईनेही बजावलं होतं, 'यात्रेत जादा ठोका पडला, तर पुढच्या वर्षी ढोल नाही, नुसता ध्वज.' ते माझ्या बायकोला म्हणाले, 'वहिनी, तुम्ही मधोमध उभ्या राहा, म्हणजे मला दिसाल.' पाडव्याच्या आठ दिवस आधी ही गेली.

त्या सकाळी आमच्या गॅलरीत गुढी नव्हती. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो, वाचत नव्हतो. ढोल गल्लीत शिरले, जवळ आले आणि गेटपाशी शिट्टी झाली. सगळं थांबलं. ते आदल्या दिवशीच ताईला सांगून आले होते, हे मला मागाहून कळलं. 'आमच्या दारात बंद. वर दुःख आहे.' ती म्हणाली होती, 'काका, वर्षभर याच दारासाठी मेहनत केलीत ना?' 'बंद म्हणजे बंद,' ते म्हणाले होते.

त्या शांततेत फक्त चपलांचा आवाज येत होता. आणि मग, ढम्म!

मी गॅलरीत धावलो. खाली फेटा बांधलेले गृहस्थ हात वर तसाच धरून, चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे पाहत होते. ताईने कपाळाला हात लावला होता. मला हसू आलं, आठ दिवसांत पहिल्यांदाच. 'आला बघा' म्हणायला मी स्वयंपाकघराकडे वळलोसुद्धा.

संध्याकाळी ते 'घडल्या प्रकाराबद्दल दिलगिरी' असा अर्ज घेऊन वर आले. 'सर, हात मागे राहिला हो,' एवढंच म्हणाले आणि रडले. मी चहा केला, बराच पांचट. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला पहिला अर्ज लिहून ताईला नेऊन दिला, यांचा ढोल काढून घेऊ नये म्हणून. तिने तो वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मग वर्षभर त्यांनी वाजवण्याचा नव्हे, थांबण्याचा सराव केला. यंदा पाडव्याला पथक आमच्या गेटसमोर मनसोक्त वाजलं. शिट्टी झाली. सगळे थांबले, तेही थांबले, अगदी वेळेवर. ताईने टाळ्या वाजवल्या, साऱ्या इमारतीने वाजवल्या. त्यांनी मान उंच करून माझ्याकडे पाहिलं. मीही टाळ्या वाजवल्या, पण जरा उशिराने. मी अजून वाट पाहत होतो.