मगरीच्या भाऊबंदांचे पाय

"पेंटर, हा पळणार कसा?" माझ्या कॅनव्हाससमोर उभ्या राहून देशपांडे मॅडमनी विचारलं.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत बोर्ड रंगवायचो. दुकानांच्या पाट्या, साखर कारखान्याच्या कमानी, ट्रकचे नंबर. मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. सोमवारी विद्यापीठाची कमिटी येणार होती. तिचं समाधान झालं, तर बी.एस्सी.चा वर्ग मिळणार होता. नाहीतर पोरांना पुणं किंवा कोल्हापूर गाठावं लागणार होतं. लॅबच्या भिंतीसाठी मॅडमना मोठा चार्ट हवा होता. विषय होता मगरीचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे भाऊबंद.

पुस्तकातली चित्रं काडेपेटीएवढी. आम्ही ती 'चौकोन टाकून' मोठी करतो. लहान चित्रावर चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. समुद्रात पोहणारा भाऊबंद झकास जमला. पायांच्या जागी वल्ही, शेपटीला माशासारखा पंख. जमिनीवर पळणाऱ्याचा मात्र पुस्तकात नुसता सांगाडा होता. त्यावर मांस मी चढवलं, ते पालीसारखं. पाय बाजूला फाकलेले, पोट मातीला टेकलेलं.

"हा शिकारीमागं धावायचा," मॅडम म्हणाल्या. "पाय अंगाखाली सरळ हवेत."

मी पाय सरळ केले. मगरीचं टेबल झालं.

तेवढ्यात प्राचार्य आले. बघून म्हणाले, "मॅडम, पुण्याहून छापील चार्ट मागवा. पाट्या रंगवणाऱ्याचं हे काम नव्हे."

मी ब्रश गोळा करायला लागलो.

"सर, शनिवारपर्यंत थांबा. ते करतील," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "उद्या सकाळी भिलवडीची एसटी पकडू. मगर जवळून बघितलीय कधी?"

बघितली नव्हती.

भिलवडीला आण्णा म्हणून नाववाले होते, पलटणीतून रिटायर झालेले. त्यांनी आम्हाला नदीकाठच्या झुडपांमागं बसवलं.

"बाई, हितनं म्होरं जायाचं न्हाई. लय चपळ हाय ती."

समोर वाळूत मगर ओंडक्यासारखी पडली होती. ऊन चढलं तशी ती उठली. पोट जमिनीपासून वर, चारी पाय अंगाखाली, आणि चालत पाण्यात गेली.

"ही तर उभी राहिली!" मी म्हणालो.

"ही अशी थोडाच वेळ चालते," मॅडम म्हणाल्या. "तिच्या त्या भाऊबंदांचं कायमचं चालणं साधारण असंच होतं."

पण सगळं क्षणात संपलं होतं. खांद्याचं काय झालं ते मला कागदावर पकडता येईना. माझी खाडाखोड बघून आण्णा हसले.

"आवं पेंटर, ह्ये तर दंड हायत. आमी पलटणीत रोज काढायचो." ते वाळूवर पालथे झाले, कोपरं बाहेर. "ही पाल." मग हात सरळ करून उठले. "आन् ही तुमची पळणारी. करा बघू."

मी पांढऱ्या लेंग्यानिशी वाळूत पालथा पडलो, हात सरळ करून उठलो. कोपरावरचा सगळा भार खांद्यात आला. छाती दोन हातांच्या मधे अरुंद झाली. चूक तिथंच सापडली. मी पाय बदलले होते, छाती मात्र पालीसारखी पसरट ठेवली होती.

परत येऊन रंग खरवडला आणि छातीपासून नव्यानं काढला. शनिवारी तो भाऊबंद पळायला लागला.

शेवटी राहिली चार्टवरची वंशावळ. मॅडमच्या कच्च्या चित्रात बऱ्याच फांद्या मधेच थांबलेल्या. अपुऱ्या राहिल्यात समजून मी त्या वरपर्यंत ओढायला निघालो.

"नको, पेंटर. त्या तिथंच संपल्या. काही डायनासोरांच्या आधी, काही त्यांच्याबरोबर, काही नंतर."

"कशानं?"

"नक्की ठाऊक नाही. ठाऊक नाही ते रंगवायचं नाही."

एवढ्या थोरल्या खानदानातल्या मोजक्याच फांद्या वर, आजच्या काळापर्यंत पोचल्या होत्या. बाकीच्या मी जिथल्या तिथं थांबवल्या.

सोमवारी कमिटीचे अध्यक्ष चार्टसमोर थांबले. "कुठून मागवला?"

"आमच्याच पेंटरांनी केलाय," प्राचार्य म्हणाले. त्यांचेही मी उपकार मानतो.

वर्ग मिळाला. पुढं सातारा, वाई, इस्लामपूरहून चार्टची कामं येत राहिली. मॅडम त्या दिवशी 'थांबा' म्हणाल्या नसत्या, तर मी ट्रकच्या नंबरांवरच म्हातारा झालो असतो. आण्णांना मी दर दिवाळीला भेटायला जायचो.

तेव्हापासून कुठलाही प्राणी रंगवायच्या आधी मी त्याच्यासारखं उभं राहून बघायचो. कामाला त्याचा फार फायदा झाला. फक्त कांगारूच्या वेळी कंबर धरली.