नानांनी फेडलेला ओव्हरड्राफ्ट

मुसाकाजीच्या बंदरात मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब, खोल पाण्यात उभी राही आणि आपण पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. लग्नानंतर सव्वा महिन्यानं मी निघाले तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती, पाठचं-पुढचं भावंड नव्हतं, म्हणजे रडायला दुसरं कुणी नव्हतं आणि नानांना ते जमत नव्हतं. शाळामास्तरच ते. त्यांनी जावयांना उपदेश केला. "विनायकराव, एक वेळ उपाशी राहा, पण कुणाचं देणं ठेवून निजू नका." हे "हो, हो" म्हणाले. पडाव हलला. माझ्या मांडीवर फणसाच्या साटांचा डबा होता आणि उडी मारून परत जावं असं फार वाटत होतं.

तुम्ही मैत्रिणी गावी राहिलात, तुम्हांला नानांचा हा हट्ट ठाऊक आहे. आजोबांनी करून ठेवलेलं कर्ज त्यांनी मास्तरकीच्या पगारातून एकोणीस वर्षं फेडलं. शेवटचा हप्ता दिला तेव्हा सावकारानं ओटीवर बसून रोखा त्यांच्यासमोर टराटरा फाडला. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की मला वाटतं मी तिथं होते. मी तेव्हा पाळण्यात होते.

ठाण्यात आम्हांला कोपरीत दोन खोल्या मिळाल्या. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती, आणि कोपरीत सिंधमधून आलेल्या लोकांची वस्ती झाली होती. हे मुंबईला एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. पहिली दोन वर्षं पगार, भाडं, दूध, किराणा, सगळं पाटीवरच्या गणितासारखं सुटत असे. मग यांनी नोकरी सोडली आणि नौपाड्यात एक गाळा घेऊन शाळेच्या वह्या बांधायला सुरुवात केली. रेघा आखायचं जुनं यंत्र आणलं. घडी घालणं आणि दाभणानं शिवणं घरी, माझ्याकडे. मैद्याची खळ मोरचूद घालून शिजवली की दोन दिवस घराला तोच वास. त्या वासात मी जेवले, झोपले, दोनदा बाळंत झाले.

वह्यांचा धंदा विचित्र. कागद माघात घ्यायचा, रोख. वह्या विकायच्या जूनमध्ये, उधार. पैसे यायचे दिवाळीच्या पुढेमागे, तेही दुकानदाराला आठवण झाली तर. मधले आठ महिने काय खायचं, याचं उत्तर शेजारच्या लालचंदभाईंनी दिलं. त्यांचं कराचीला कापडाचं मोठं दुकान होतं. इथे ते टोपलीत रिळं, बटणं घेऊन बसत आणि चार वर्षांत त्यांनी पुन्हा दुकान थाटलं होतं. "मास्टरजी की बेटी, घबराती क्यों है?" ते मला म्हणाले. "घर गया, दुकान गया. बँक फिर भी पैसा देती है. मतलब हम अभी जिंदा है." तेच जामीन राहिले, यांची विम्याची पॉलिसी बँकेकडे गेली आणि तीन हजारांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट मंजूर झाला. खात्यात नसलेले पैसे काढायची परवानगी! हे त्या दिवशी पेढे घेऊन आले. मला तो पेढा गिळवेना.

नौपाड्यातल्या नोकरदारांच्या बायकांचं तर विचारू नका. त्यांचे यजमान ऑफिसच्या पतपेढीतून लग्न-मुंजीला कर्ज काढत, आणि ते हळदीकुंकवाला मोठ्यानं सांगितलं जाई. पगारातून कापतात ना, मग ते कर्ज नव्हे. आमचा ओव्हरड्राफ्ट मात्र त्यांच्या लेखी जुगाराचा धाकटा भाऊ. मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. यांना म्हटलं, की हे फिटणार कधी? तर म्हणाले, "अगं, तो फेडायचा नसतो, फिरवायचा असतो. दिवाळीला भरायचं, माघात पुन्हा उचलायचं." एवढं बोलून हे चहा प्यायले.

नानांना मी काही कळवलं नाही. पण पेन्शनीत निघाल्यावर एका दिवाळीला ते आमच्याकडे आले. यांना व्यापारी झाल्याचा नवा उत्साह, म्हणून लक्ष्मीपूजनाला पाटावर जमाखर्चाची चोपडी आणि बँकेचं पासबुक मांडलेलं. घरात वडीलधारे तेच, पूजा त्यांनी सांगितली. पासबुकावर स्वस्तिक काढायचं म्हणून त्यांनी ते उघडलं. बोटाला कुंकू लागलेलं, आणि समोर बँकेनं तांबड्या शाईनं लिहिलेला आकडा.

"हे तांबडं काय आहे?"

यांनी समजावलं. सीझन, उधारी, फिरवणं, सगळं. नानांनी मास्तरसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बोट पंच्याला पुसलं आणि आरती म्हटली. भाऊबीज झाली आणि ते गावी परतले.

माघात ते पुन्हा आले, न कळवता. कमरेला बांधलेल्या पिशवीतून नोटा काढून त्यांनी पाटावर ठेवल्या. दोन हजार चारशे. राहतं घर आणि परसातली कलमं त्यांनी भाऊबंदाला विकली होती. पुढची पडवी तेवढी हयातीपर्यंत वापरायला ठेवून घेतली होती.

"नाना, कुणी सांगितलं होतं हे?" मी ओरडलेच.

"लेकीच्या डोक्यावर बोजा असताना मला त्या घरात झोप लागली नसती," ते म्हणाले. "मग ते घर घेऊन करू काय?"

पैसे परत द्यावे, खरेदीखत रद्द करता येतं का पाहावं, असं मी यांना स्वयंपाकघरात रडून सांगितलं. हे गप्प होते. कागदवाल्याचा माणूस पैशासाठी दोनदा येऊन गेला होता. मीही मग दुसऱ्यांदा सांगितलं नाही. हे मी आज प्रथमच लिहिते आहे, तेव्हा नीट लिहिते. त्या वेळेला मीही गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सासरा-जावई बँकेत गेले. पैसे भरले, खातं कोरं झालं. पण नाना बाकावरून उठेनात. त्यांना रोखा हवा होता, डोळ्यांदेखत फाडायला. असा रोखा नसतो, हे त्यांना पटेना. "कागद नाही तर मग देणं कशावर होतं?" शेवटी एका भल्या कारकुनानं चुकलेली एक स्लिप घेतली आणि नानांसमोर तिचे चार तुकडे केले. नानांनी ते रुमालात बांधले, त्याला आशीर्वाद दिला आणि खाडीवर जाऊन तुकडे पाण्यात सोडून आले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आठ दिवसांनी बँकेच्या एजंटानं, म्हणजे तिथल्या मॅनेजरनं, यांना बोलावून घेतलं. एवढी रक्कम एकदम भरणारं गिऱ्हाईक, खातं उत्तम चाललंय म्हणाला, आणि मर्यादा पाच हजारांवर नेली. त्यातून यांनी त्या सालचा कागद घेतला. नानांचं घर गेलं ते या पाच हजारांसाठी, असा हिशेब मी कितीतरी दिवस मांडत होते. नानांना पत्रात लिहीत होते, "इकडे सर्व कुशल. देणं नाही." किती सोपं वाक्य होतं ते! दर महिन्याला लिहून लिहून हात दुखायला लागला.

दोन पावसाळे नानांनी त्या पडवीत काढले. मग दम्यानं उचल खाल्ली आणि यांनीच जाऊन त्यांना कोपरीत आणलं. खिडकीजवळ खाट टाकली. वेळ जाईना म्हणून ते वह्यांच्या कागदाला घड्या घालू लागले. सहावीतल्या मुलाची घडी तपासावी तसे माझी घडी तपासून नापास करत. त्यांना वाटे, हा कागद जावयाच्या घामाचा. त्यांच्यासमोर मी बँकेचं नाव काढत नसे, यांना काढू देत नसे, पोस्टमनला दारातच गाठत असे. चार वर्षं. पाचव्या वर्षी माणूस दमतोच.

गेल्या महिन्यात मी रेशनच्या रांगेत होते, तेव्हा पत्र आलं. नानांचं पेन्शनचं पत्र याच पत्त्यावर येतं, त्यांनी ते समजून फोडलं. इंग्रजी त्यांना बेताचंच, पण आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही. तुमच्याकडे चार हजार आठशे बारा येणे आहेत, मान्य असल्यास सही करून पाठवा, असं बँकेचं ते पत्र. मी धान्याची पिशवी घेऊन आत आले तर ते चष्म्यासकट खाटेवर बसलेले. पत्र मांडीवर.

पिशवी ठेवून मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मर्यादा वाढवली ते, कारकुनाची स्लिप, माझी पत्रं.

त्यांनी चष्मा पंच्याला पुसून पुन्हा घातला. मग विचारलं, "व्याज वेळेवर जातं ना?"

"जातं."

"घरात किती कागद पडलाय?"

"बावीस रीम."

त्यांनी पत्राची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि माझ्या हातात दिली. "विनायकरावांना सही करायला सांग. आणि तो गठ्ठा इकडे सरकव. जून काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

मी गठ्ठा सरकवला. ते घड्या घालू लागले, मी शिवू लागले, आणि डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी धरली. तुम्ही पत्रांतून विचारता, की गणपतीला घरी कधी येणार? त्या घरात आता भाऊबंदाची म्हैस बांधलेली आहे, असं नाना सांगतात, आणि फार वाईट वाटल्यासारखं सांगत नाहीत. वाईट मला वाटतं. पण इतक्या वर्षांत त्या दुपारी पहिल्यांदा कोपरीतल्या या दोन खोल्यांत मला कुणापासून काही लपवायचं नव्हतं. तेव्हा येणार कुठे? घरीच आहे मी.