दादाने निवडलेला पडौक

कलकत्त्यात बदलून येणाऱ्या आपल्या मराठी माणसांचं मला एक कळत नाही. इथे पाऊल ठेवल्यापासून यांच्या नाकाला रुमाल. मासळीचा वास नको, घाम नको, मोर्चे नकोत, ट्राममधली गर्दी नको. पण परतीच्या बदलीचा हुकूम हातात पडला रे पडला, की हीच मंडळी बहुबाजारातल्या फर्निचरच्या दुकानांपुढे तळ ठोकतात. मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याला सामान न्यायला रेल्वेचा अख्खा डबा मिळतो, तोही फुकट. मग तो रिकामा कसा न्यायचा? येताना चार भांडी आणि दोन ट्रंका घेऊन आलेला माणूस जाताना पलंग, कपाटं, जेवणाचं टेबल, खुर्च्या, सगळं अंदमानच्या पडौक लाकडाचं करून नेतो आणि पुण्याच्या दोन खोल्यांत कोंबतो. तिथे पलंग आडवा येतो म्हणून कपाटाचं दार उघडत नाही. तरी आल्यागेल्याला कपाट दाखवायचंच. मला या हावरटपणाची किळस येते. त्यात माझ्या भावाचं काय झालं, ते सांगते.

श्यामसुंदर हा माझा थोरला भाऊ, आमचा दादा. आजोबांच्या वेळेपासून आम्ही इथेच, कलकत्त्याच्या भवानीपुरात आहोत. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, दादाच्याच घरात राहते. दादा प्लायवूडच्या एका कंपनीत लाकूडखरेदीवर होता. चहा ज्या खोक्यांतून परदेशी जातो ती खोकी प्लायवूडची असतात आणि ते प्लायवूड जंगलातून येतं, हे चहा पिणाऱ्या कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. सदुसष्ट साली कंपनीने त्याला अंदमानात पाठवलं. जाताना स्वारी खुशीत होती. लाकडाचं त्याला वेडच होतं. सुताराकडे गेला, की ताज्या भुशाची चिमूट उचलून हुंगायचा.

काही वर्षांनी परत आला तो गप्प होऊन. महिनाभर कुणाशी धड बोलला नाही. मग एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मीच त्याला छेडलं.

"अंदमानात बायको करून आलायस की काय?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "शकू, तिथलं जंगल म्हणजे आपल्या मैदानातल्या झाडांसारखी रांग नसते गं," तो म्हणाला. "वर वेलींनी सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एक झाड पाडलं की ते आजूबाजूची ओढून घेऊन पडतं. आम्हाला हवं असतं एक. बाकीची तिथेच कुजतात. आणि हवं ते आतून पोकळ निघालं, तर तेही टाकायचं आणि पुढच्याला हात घालायचा."

"आणि मग?"

"मग ट्रकसाठी रस्ता. रस्त्यामागून शेतं. डोंगराच्या उतारावर झाड नाही म्हटल्यावर पावसात माती धरणार कोण? खाडीचं पाणी लाल होतं. मासे जातात."

"हे करतं कोण? सरकार?"

"मी करायचो," दादा म्हणाला. "माझ्या खडूची खूण पडली, की झाड पडायचं. पण मी तरी खूण का करायचो? इथे कुणीतरी दुकानात बसून पडौकच पाहिजे म्हणून हटून बसलाय, म्हणूनच ना?"

त्याने खरेदीचं काम सोडलं. एस्प्लनेडच्या हापिसात कमी मानाची खुर्ची होती, ती मागून घेतली. प्रेमलतावहिनी चिडल्या, पण दादा बधला नाही. मग त्याने आपल्या मंडळींना शहाणं करायचं मनावर घेतलं, आणि इथेच तो फसला. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्याने भाषण केलं. म्हणाला, साहेब लोक जाताना केवढं सामान टाकून गेले आहेत. रसेल स्ट्रीटवर त्याचे लिलाव होतात. तुमच्या आजोबांहून जुनी कपाटं मिळतात, अजून शंभर वर्षं टिकतील. ती घ्या. मोडलेली खुर्ची फेकू नका, माझ्याकडे आणा, मी दुरुस्त करून देतो. गरज नसताना नवं लाकूड मागू नका. आपण मागायचं थांबलो, की तिथे कुऱ्हाडीला काम उरणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बटाटेवडे खाल्ले आणि दादाचं नाव ठेवलं 'झाडांचे वकील'. मोडक्या खुर्च्या मात्र भराभर आणून टाकल्या. दादाने इमानदारीत त्या दुरुस्त केल्या. त्या नेताना एकाने विचारलं, "काय वकीलसाहेब, पलंगाला चांगलं दुकान कोणतं?"

अशात आमच्या वृंदाचं लग्न ठरलं. दादाची एकुलती एक मुलगी. पत्रिकेपायी आधी दोन स्थळं मोडलेली, वय वाढत चाललेलं, आणि आता हा जयंत तिला मनापासून आवडलेला. त्याचे वडील श्यामराव बँकेत मोठे अधिकारी, डमडमला राहायचे. घर चांगलं होतं, म्हणजे लोक ज्याला चांगलं म्हणतात तसं. दादाने लेकीसाठी लिलावातून सागवानी पलंग आणला. जुन्या बर्मी सागाचा, एकही खिळा नसलेला. महिनाभर तो स्वतः पॉलिश कागद घासत बसला होता. इतका सुरेख पलंग मी आजतागायत पाहिलेला नाही.

श्यामराव आणि त्यांची बहीण मालतीबाई तो बघायला आले. मालतीबाईंनी पदर नाकाला लावला.

"जुना आहे?" त्यांनी विचारलं. "इश्श! नव्या जोडप्याला? कोण मेलं असेल त्याच्यावर, काय माहीत!"

"नवीनच हवा हो, व्याहीबुवा," श्यामराव गोड आवाजात म्हणाले. "पडौकाचा डबल बेड आणि एक कपाट, बस. आमची पुण्याला बदली होतेच आहे, डबा मिळणारच. मागणी म्हणून नाही हं. आपली हौस."

हौस! हा शब्द ऐकला, की अजून माझ्या अंगावर शहारे येतात. दुसऱ्याच्या मानेवर गुडघा ठेवायचा आणि त्याला हौस म्हणायचं. मी जयंतकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता. दादाने त्यालाच सरळ विचारलं, "तुला हा पलंग चालेल का?"

"बाबा म्हणतील तसं," तो घोडा म्हणाला.

जाताना श्यामरावांनी दारात चपला घालता घालता सांगितलं, की मुहूर्त धरायचा तर हे आधी पक्कं व्हावं, नाहीतर त्यांच्या घरातली मोठी माणसं नाराज होतील. म्हणजे काय, ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

मी दादाला म्हटलं, "मोडू दे हे लग्न. असल्या माणसांत मुलगी देण्यापेक्षा घरी राहू दे. मी राहिलेच आहे की."

"तुमचं सोडा," वहिनी कडाडल्या. "मला माझी मुलगी तुमच्यासारखी नकोय." मला लागलं, पण त्यांचं खोटं नव्हतं.

वृंदा पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने लाकडावरून हात फिरवला. "बाबा, मला हाच पलंग आवडतो," ती म्हणाली. "पण मला जयंतही हवाय."

दुसऱ्या दिवशी दादा शर्ट चढवून बहुबाजारात निघाला. मी सोबत गेले, कारण मला त्याला एकट्याला सोडवेना. दुकानदाराने तयार पलंग दाखवले. दादाने एकेक नाकारला. हा ओला आहे, पुण्याच्या हवेत तडकेल. याला नुसता रंग फासलाय. शेवटी तो मागच्या वखारीत शिरला आणि फळ्या स्वतः उलथ्यापालथ्या करू लागला. लाल, गर्द, एकसारख्या रेषांच्या फळ्या त्याने बाजूला काढल्या.

"एवढं कशाला करतोस?" मी चिडून म्हटलं. "द्यायचाच आहे तर दे कसला तरी."

"झाड तर गेलंच, शकू," तो म्हणाला. "निदान वाया तरी जायला नको."

भुसा त्याच्या हाताला लागला होता. या वेळी त्याने तो हुंगला नाही.

लग्नात मंडळाच्या सभागृहात रुखवताशेजारी पलंग आणि कपाट मांडलं. मी पुष्कळ रुखवतं पाहिली, पण असला बाजार पाहिला नाही. साखरेच्या तुळशीवृंदावनाकडे कुणी ढुंकून बघेना. श्रीखंडाने चिकट झालेली बोटं पॉलिशवरून फिरत होती. पुरुष टकटक वाजवून बघत होते, बायका खणांत डोकी घालत होत्या. आणि जो तो एकच सांगत होता, दादाने स्वतः निवडलंय म्हणे! ज्याचं भाषण यांनी वड्याबरोबर गिळलं, त्याची निवड मात्र यांना आता हवी होती. मला तिथे जेवण जाईना. दादा कोपऱ्यात उभा राहून हात जोडून सगळ्यांना जेवायचा आग्रह करत होता.

एवढ्यात मालतीबाई वृंदाचा हात धरून तिला घेऊन त्याच्यापाशी आल्या. हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या, आमची पोर आनंदाने फुलली होती.

"व्याही, तुमच्यासारखा जाणकार नाही हो कलकत्त्यात," मालतीबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीचं, आशाचं लग्न वैशाखात आहे. तिचा पलंग तुम्हीच निवडायचा. आमच्या शेजाऱ्यांनाही हवाय. तुम्ही असलात म्हणजे फसवणूक नाही. काय गं वृंदा, येतील ना तुझे बाबा? नाही म्हणणार नाहीत ना?"

वृंदाचं हसू थांबलं. ती वडिलांकडे बघू लागली. मालतीबाईंनी तिचा हात सोडला नव्हता. वृंदाला ज्या घरात जन्म काढायचा होता, त्या घरातली ही बाई होती, आणि उत्तरासाठी ती थांबली होती. दादाने एकदा मुलीकडे पाहिलं.

"येईन की," तो म्हणाला. "कधी जायचं ते सांगा."

तो गेला. आशाच्या पलंगासाठी गेला, मग त्यांच्या शेजाऱ्यांसाठी गेला, आणि मग श्यामरावांच्या बँकेतल्या ज्या कुणाची बदली होई त्याच्यासाठी जाऊ लागला. नाही म्हटलं असतं, तर वृंदाला तिकडे ऐकून घ्यावं लागलं असतं.